बडोद्यात पहिलं घर: डाउन पेमेंट किती लागेल आणि ते कुठे साठवायचं

घर घ्यायचं ठरलं की आपल्या घरांमध्ये चर्चा लगेच "एफडी बरी की एसआयपी (शेअर बाजारातल्या फंडात दरमहा ठराविक रक्कम)" इथे येऊन ठेपते. माझ्या मते हा नंतरचा प्रश्न आहे. आधी दोन गोष्टी पक्क्या व्हायला हव्यात: किती लाखांचं घर आणि कोणत्या वर्षी. त्या ठरल्या की पैसे कुठे ठेवायचे याचे निम्मे पर्याय आपोआप गळतात. म्हणून आधी घरांची तुलना करू, मग साठवणुकीची.

३३ लाख की ४० लाख

भायली-वासणाकडे बघावं की वाघोडिया रोड, तरसाळीकडे, हा वाद बडोद्यातल्या अनेक जोडप्यांत चालू असतो. किमतीत सात लाखांचा फरक असेल तर डाउन पेमेंटमध्ये लाखभराचा फरक पडेल, असा आपला अंदाज असतो. प्रत्यक्षात खिशातून लागणारी रक्कम जवळजवळ दुप्पट होते, कारण रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या रकमेनुसार मर्यादा घातली आहे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकतं, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत. ही कमाल मर्यादा झाली; तुमचं उत्पन्न पाहून बँक याहून कमीही देते.

| | ३३ लाखांचा फ्लॅट | ४० लाखांचा फ्लॅट |
|---|---|---|
| जास्तीत जास्त कर्ज | २९.७० लाख | ३२ लाख |
| आपला वाटा | ३.३० लाख | ८ लाख |
| मुद्रांक शुल्क, ४.९ टक्के | १.६२ लाख | १.९६ लाख |
| नोंदणी फी, १ टक्का | ०.३३ लाख | ०.४० लाख |
| खिशातून लागणारी रक्कम | ५.२५ लाख | १०.३६ लाख |
| हप्ता (८.५ टक्के धरून, २० वर्षं) | सुमारे २५,८०० | सुमारे २७,८०० |

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी बँक घराच्या किमतीत धरत नाही, त्यामुळे ते पैसे पूर्णपणे आपले. शिवाय दस्तावेजातली किंमत आणि जंत्रीची (सरकारी दरपत्रकाची) किंमत यांतली जी जास्त, तिच्यावर शुल्क लागतं. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत जीएसटी येतो: एरवी ५ टक्के, पण ४५ लाखांपर्यंतचं आणि बडोद्यासारख्या शहरात ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतचं (भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ) घर असेल तर १ टक्का. बीयू परवानगी (इमारत वापरायची परवानगी) मिळाल्यावर विकलेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही. सोसायटीचं मेंटेनन्स डिपॉझिट, वकील, पंखे-दिवे-किचनचं काम या तक्त्यात नाही; त्यासाठी आणखी लाख-दीड लाख वेगळे काढा.

आता तिसरी शक्यता, जी मला सगळ्यात विचार करण्यासारखी वाटते. समजा तुमच्याकडे साडेदहा लाख जमले आहेत. ते घेऊन ४० लाखांचं घर घेता येईल. किंवा ३३ लाखांच्याच घरात आठ लाख घालून कर्ज २५ लाखांवर आणता येईल. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधली व्याज-सवलत नेमकी इथे लागू पडते: घर ३५ लाखांपर्यंतचं, कर्ज २५ लाखांपर्यंतचं, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत आणि देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नाही. पहिल्या आठ लाखांच्या कर्जावर ४ टक्के सवलत, जास्तीत जास्त १.८० लाख, पाच वार्षिक हप्त्यांत. २५ लाखांचा हप्ता सुमारे २१,७०० येतो, म्हणजे ४० लाखांच्या घरापेक्षा महिन्याला सहा हजार कमी. मुलं लहान आहेत आणि एकाच्याच पगारावर घर चालतं, अशा जोडप्याने मी तरी हाच पर्याय आधी तपासावा असं सांगेन. दोन पगार असतील, उत्पन्न नऊ लाखांच्या वर असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

कोणाच्या नावावर

गुजरातमध्ये घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर नोंदणी फी माफ आहे. वरच्या घरांत ही बचत ३३ ते ४० हजारांची. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. दुसऱ्या बाजूला, हप्ता भरणारा नवरा घराचा सहमालक नसेल तर त्याला गृहकर्जाच्या व्याजाची आयकर वजावट मागता येत नाही. जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यांना ती वजावट वर्षाला दोन लाखांपर्यंत मिळते, तेव्हा संयुक्त नाव फायद्याचं. नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घरासाठी ती वजावटच नाही, त्यामुळे एकट्या बायकोचं नाव लावण्यात कराचं नुकसान नाही. आणि घर बाईच्या नावावर असणं हे मला एरवीही चांगलंच वाटतं.

तीन वर्षांत घर: आरडी की एसआयपी

महिना २० हजार, तीन वर्षं. मुद्दल ७.२० लाख. साडेसहा टक्क्यांच्या आरडीत (दरमहा भरायच्या आवर्ती ठेवीत) सुमारे ७.९६ लाख होतात. एसआयपीत १२ टक्के मिळाले असं धरलं तर सुमारे ८.७० लाख. फरक साधारण ७५ हजारांचा, दोन्हीकडचा कर बाजूला ठेवून. आरडीतच महिन्याला १,९०० रुपये जास्त टाकले तरी तेवढीच रक्कम जमते, आणि तीही खात्रीने.

आता उलटी बाजू पाहा. शेवटच्या दोन महिन्यांत बाजार ३० टक्के पडला तर ते ८.७० लाख ६.१० लाख होतात, मुद्दलापेक्षाही कमी. ही कल्पनेतली गोष्ट नाही. जानेवारी २०२० मध्ये ४२ हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांच्या खाली बंद झाला. तो पुन्हा त्या पातळीवर यायला नोव्हेंबर उजाडला. दहा वर्षं थांबू शकणाऱ्याला यात काही झालं नाही. पण एप्रिलमध्ये बानाखत (खरेदीचा करार) ठरलेलं असेल, तर बिल्डर नोव्हेंबरपर्यंत थांबत नाही.

म्हणून तीन वर्षांच्या आतलं घर असेल तर माझं मत स्पष्ट आहे: आरडी आणि एफडी. व्याजावर तुमच्या स्लॅबनुसार कर लागतो, हे खरं. तरीही पैसे हव्या त्या तारखेला पूर्ण मिळणं इथे जास्त मोलाचं. पोस्टाची आरडी मात्र या कामाला नीट बसत नाही. ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांनी मोडली तर बचत खात्याचा दर मिळतो. एनएससीचे (राष्ट्रीय बचत पत्राचे) पैसेही पाच वर्षं अडकतात. डेट फंड, म्हणजे शेअरऐवजी कर्जरोख्यांत पैसे घालणारा फंड? १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या युनिट्सच्या नफ्यावर स्लॅबनेच कर लागतो, त्यामुळे एफडीपुढे त्याचं पूर्वीचं आकर्षण राहिलेलं नाही.

बँक निवडताना एक गोष्ट बडोदेकरांनी तरी विसरू नये. १८८९ साली याच शहरात सुरू झालेली अन्योन्य ही देशातल्या अगदी पहिल्या सहकारी संस्थांपैकी एक, आणि कितीतरी मराठी घरांची बचत तिथे असायची. २००७ मध्ये ती बँक अडचणीत आली, तेव्हा ठेवींचा विमा एक लाखाचा होता. फेब्रुवारी २०२० पासून तो प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख आहे, व्याज धरून. दहा लाख साठवताय तर ते दोन-तीन बँकांत ठेवा. पतसंस्थेला हा विमा नाही. भिशीला तर नाहीच. ओळखीच्या बायकांची भिशी फ्रिज-वॉशिंग मशीनला ठीक, घराला नको.

सहा-सात वर्षांत घर

इथे मात्र माझं मत बदलतं. महिना १० हजार सात वर्षं टाकले तर आरडीत साधारण १०.६५ लाख आणि १२ टक्के धरलेल्या एसआयपीत १३.२० लाख होतात. अडीच लाखांचा फरक मोठा आहे आणि बाजार पडला तर सावरायला वेळही हातात आहे. एका वर्षापेक्षा जास्त ठेवलेल्या इक्विटी फंडाच्या नफ्यावर वर्षाला १.२५ लाखांपर्यंत कर नाही, त्याच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के. पहिली चार वर्षं मोठा भाग इंडेक्स फंडात (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातले शेअर घेणाऱ्या फंडात), पाचव्या वर्षापासून थोडं थोडं काढून एफडीत, हा क्रम मला पटतो. काढताना बाजार वर आहे की खाली हे बघत बसायचं नाही. तारीख आली की काढायचं. "अजून थोडं चढू दे" म्हणत थांबणाऱ्यांचा शेवटी दस्तावेज लांबतो.

पीपीएफ करमुक्त आहे, दर ७.१ टक्के आहे, पण पहिली काही वर्षं त्यातून पैसे काढता येत नाहीत आणि नंतरही ठराविक भागच निघतो. जुनं खातं असेल तर उपयोगी. घरासाठी नवं उघडू नका.

पीएफ आणि सोनं

मकरपुऱ्यातल्या कारखान्यात किंवा रिफायनरीत नोकरी करणाऱ्याकडे पीएफची रक्कम आधीच तयार असते, म्हणून तिच्याकडे हात लगेच जातो. घरासाठी पीएफ काढायला पूर्वी पाच वर्षांचं सदस्यत्व लागे. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने ती अट १२ महिन्यांवर आणण्याचा आणि २५ टक्के शिल्लक खात्यात राखण्याचा निर्णय घेतला. मिळतंय म्हणून सगळं काढावं असं नाही. पीएफवर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज होतं. गृहकर्ज ८.५ ला असेल तर पीएफ मोडून कर्ज कमी करण्यात हाती काही लागत नाही, आणि म्हातारपणाची पुंजी जाते. पाच-पंचवीस हजारांसाठी नव्हे, पण दोन-तीन लाख कमी पडताहेत आणि त्यावाचून घर अडतंय, तेव्हा तेवढेच काढा. पर्सनल लोन घेऊन डाउन पेमेंट भरण्यापेक्षा ते केव्हाही बरं. पर्सनल लोनचा हप्ता बँक तुमच्या उत्पन्नातून वजा करते आणि गृहकर्जच कमी मंजूर होतं.

साठवणुकीसाठी घडियाळी पोळात जाऊन नवे दागिने करणं मी सुचवणार नाही. ३ टक्के जीएसटी आणि घडणावळ विकताना परत येत नाही, आणि भाव नेहमी चढतोच असंही नाही; २०१३ ते २०१५ तो उतरत होता. आधीच कपाटात असलेलं, कोणी न घालणारं सोनं विकणं वेगळं. आईच्या पाटल्यांचा निर्णय आईलाच घेऊ द्या.

पैसे देण्याच्या वेळी

साठवलेले पैसे बँकेत आहेत हे शेवटी कामाला येतं. घराचा काही भाग रोख मागितला तर दस्तावेजातली किंमत खाली येते, बँकही त्याच किमतीवर कर्ज देते आणि तुमचं डाउन पेमेंट वाढतं. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख देणं-घेणं आयकर कायद्यात बसत नाही. वडिलांनी किंवा सासऱ्यांनी मदत केली तर त्यावर कर नाही, फक्त ती बँकेतून यावी आणि सोबत साधं भेटीचं पत्र असावं. नव्या प्रकल्पात रेरा कायद्यानुसार (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. म्हणून एफडी एकाच मोठ्या पावतीची न करता तीन-चार लहान पावत्या करा: एक टोकनच्या रकमेची, एक मुद्रांक शुल्काची, बाकीच्या आपल्या वाट्याच्या. ज्या दिवशी जेवढे लागतील तेवढीच पावती मोडावी लागेल.