डायव्हिंग शिकायचंय: हॅवलॉक की को ताओ?

पहिला स्कूबा कोर्स करायचाय आणि अंदमानचं हॅवलॉक की थायलंडचं को ताओ यात अडकला असाल तर आधी सुट्टी कधी मिळतीये ते बघा, बाकी सगळं नंतर. दिवाळीला जोडून जायचं असेल तर को ताओ सोडा. ते थायलंडच्या आखातात आहे, तिकडे खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, नोव्हेंबरमध्ये तर समुद्र खवळून फेरीसुद्धा रद्द होतात. हॅवलॉकला आपल्यासारखाच नैऋत्य मान्सून, म्हणून डिसेंबर ते एप्रिल बेस्ट. जुलै-ऑगस्टची रजा असेल तर मात्र डोळे झाकून को ताओ.

को ताओ म्हणजे कासव बेट, जेमतेम 21 चौरस किमी, ग्रॅनाइटचे हे एवढे धोंडे आणि चढ असले की भाड्याच्या स्कूटरवर मागच्याला उतरून चालावं लागतं. हॅवलॉक चार-पाच पट मोठं पण निवांत, बरंचसं जंगलच, आणि बीचना चक्क नंबर, राधानगर म्हणजे सात नंबर. नाव 2018 ला स्वराज द्वीप झालं तरी बोलताना सगळे हॅवलॉकच म्हणतात. गावं बंगाली, फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या लोकांना इथे वसवलं, त्यामुळे माशाची थाळी एक नंबर. (आणि अंदमानचं काळं पाणी आपल्याला सावरकरांमुळे माहितीये, पण 1940च्या दशकात को ताओवरही राजकीय कैदी ठेवले होते, हे मला तिथे गेल्यावर कळलं.)

आता डायव्हिंग. मी ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स, हॅवलॉकला केला. नेमो रीफला किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात शिरायचं, गुडघ्याएवढं, मग छातीएवढं, मग खाली वाळूत गुडघे टेकून बसायचं आणि मास्कमध्ये मुद्दाम पाणी घेऊन ते नाकाने फुंकून बाहेर काढायचं. माझी तीनदा फजिती झाली, घसा खारट, पण इन्स्ट्रक्टर हिंदीत समजावत होता आणि आम्ही दोघंच होतो म्हणून टिकले. पाण्याची भीती असेल तर हा फरक फार मोठा आहे. को ताओला शाळाच शाळा, कोर्स त्यामानाने स्वस्त पण ग्रुप मोठे, इंग्रजी भराभर. भीतीबिती नसेल तर काहीच अडचण नाही.

दोन्हीकडे एक गोम आहे. ओपन वॉटरला 18 मीटरची मर्यादा, आणि भारी जागा नेमक्या त्याखाली. हॅवलॉकचं जॉनीज गॉर्ज, डिक्सन्स पिनॅकल तसंच. को ताओला सत्ताकुत नावाचं नौदलाचं जुनं जहाज 2011 मध्ये मुद्दाम बुडवलंय, ते साधारण 18 ते 30 मीटरमध्ये, बाकीचे खाली गेले आणि मी बोटीवर अननस खात बसले. म्हणून दोन-तीन दिवस जास्त काढून लगेच पुढचा, आणखी खोल नेणारा ॲडव्हान्स्ड कोर्सही उरका.

व्हेज असाल तर को ताओला भाजी-भातातही फिश सॉस असतो, आधी सांगा. आणि परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर निदान 18 तासांनी घ्या, मी तर अख्खा दिवस मोकळा ठेवते.