सेक्रेटरी हँड वाचायला शिकले: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेले आठ महिने, मधले दोन खंड सोडले तर, रोज सकाळी पाऊण तास मी सोळाव्या-सतराव्या शतकातली इंग्रजी हस्तलिखितं वाचते आहे. त्या काळच्या कारकुनी वळणाला सेक्रेटरी हँड म्हणतात. शिकवणी ऑनलाइन आणि मोफत आहे, एका परदेशी दप्तरखान्याने तयार केलेली. सोप्या कागदापासून अवघड कागदाकडे नेणारे धडे आहेत. मूळ पानाचं छायाचित्र समोर असतं, ओळ वाचून टाइप करायची, मग बरोबर-चूक कळतं. पहिल्या आठवड्यात मला तासाभरात चार ओळीही लागत नव्हत्या. आता एखादं साधं मृत्युपत्र तासाभरात बऱ्यापैकी लागतं.

मी आधी मोडीचा वर्ग केला होता, त्याचा फार उपयोग झाला. मोडीत शब्द सलग पळतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, वाचणाऱ्याने संदर्भावरून शब्द ओळखायचा असतो. इथेही तेच. स्पेलिंग ठरलेलं नाही, एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी येतो. 'एच'ची शेपटी ओळीखाली लोंबते, 'ई' उलटा फिरलेला असतो, 'सी' बघावा तर आजचा 'आर' वाटतो. सगळ्यात छळतात त्या उभ्या रेघा. एम, एन, यू, आय ही सगळी अक्षरं नुसत्या उभ्या फटकाऱ्यांची. 'मिनिमम' हा शब्द या वळणात लिहिला तर सलग पंधरा उभ्या रेघा दिसतात. कुठे तोडायचं ते तुम्ही ठरवायचं.

आकडे मात्र आपल्याला सोपे जातात. रोमन चारावर बारीक अक्षरात दोन एक्स काढले की ऐंशी. माझी आजी 'चार विसा' म्हणायची, अगदी तोच हिशेब. बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड हेही आणे-पैचा हिशेब ऐकलेल्या घरात अवघड वाटत नाही. तारखांचंही तसंच. इंग्लंडात 1752 पर्यंत कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होई. पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद 30 जानेवारीला झाला. आपण ते साल 1649 म्हणतो, त्या वेळच्या कागदांत 1648 असतं. शक पाडव्याला बदलतो हे लहानपणापासून माहीत असलेल्या माणसाला यात काही गोंधळ वाटायचं कारण नाही. राजाच्या राज्यारोहणापासून मोजलेली वर्षंही येतात, ती आपल्या राज्याभिषेक शकासारखी समजावीत.

सरावासाठी मी शेक्सपिअरचं मृत्युपत्र घेतलं, कारण त्याची छायाचित्रं सहज मिळतात. कागद तीन आहेत. पहिल्याच ओळीतल्या लॅटिन तारखेत लिहिणाऱ्याने आधी जानेवारी लिहिलंय, मग ते खोडून मार्च केलंय. 25 मार्च 1616. छापील प्रतीत ही तारीख एका ओळीत सरळ येते आणि आपण पुढे जातो. मूळ पानावर ती खोडलेली रेघ बघितली तेव्हा मी बराच वेळ तिथेच थांबले. कागद आधी एकदा तयार झाला होता, मग कुणीतरी परत बसून तो दुरुस्त केला, हे त्या रेघेत दिसतं. तिसऱ्या कागदावर बायकोला दिलेल्या पलंगाची ती प्रसिद्ध ओळ, 'माझा दुसऱ्या नंबरचा पलंग', दोन ओळींच्या मध्ये मागाहून घुसवलेली आहे. ती का घातली यावर मी मत देणार नाही. पण ती मागाहून आली हे डोळ्यांनी पाहणं वेगळं आणि तळटिपेत वाचणं वेगळं.

माझा मुद्दा हाच आहे: इंग्लंडातल्या धर्मबदलाचा, म्हणजे कॅथलिक पंथाकडून प्रोटेस्टंट पंथाकडे जाण्याचा, इतिहास मला या खाडाखोडीतून कळायला लागला. पुस्तकात सनावळी असते. 1534 मध्ये राजा चर्चचा प्रमुख झाला, 1549 मध्ये इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचं झालं, 1553 मध्ये कॅथलिक मेरी राणी आली आणि जुनं परत आलं, 1558 मध्ये एलिझाबेथ आली आणि पुन्हा फिरलं. मृत्युपत्रांत हे सगळं पहिल्या दोन-तीन ओळींत उमटतं. जुन्या वळणाचा माणूस आपला आत्मा देवाला, माता मेरीला आणि स्वर्गातल्या समस्त संतमंडळीला सोपवतो. नव्या वळणाचा माणूस फक्त येशूच्या पुण्याईवर भरवसा ठेवतो. शेक्सपिअरच्या कागदात हा दुसरा मजकूर आहे. अर्थात हे शब्द बहुधा लिहून देणाऱ्या कारकुनाचे किंवा पाद्रीचे असत, त्यावरून मरणाऱ्याचा धर्म ठरवू नये. ही चूक मी पहिले तीन महिने करत होते.

डेव्हन परगण्यातल्या मोरबाथ या लहानशा गावाचे हिशेब मी छापील प्रतीतून वाचले, पण हस्ताक्षराची सवय झाल्यावर. ख्रिस्तोफर ट्रिकी हा पाद्री तिथे 1520 पासून 1574 मध्ये मरेपर्यंत राहिला. आठव्या हेन्रीपासून एलिझाबेथपर्यंत, सगळे बदल एकाच माणसाने लिहून ठेवले. गावाच्या देवळाच्या मेंढ्या होत्या, घरोघरी चरायला दिलेल्या. त्यांच्या लोकरीच्या पैशातून संतांपुढचे दिवे जळत. 1538 मध्ये ते दिवे विझवण्याचा हुकूम आला आणि मेंढ्यांचे हिशेबही संपले. मृतांच्या प्रार्थनेसाठी काळे झगे घ्यायचे म्हणून या माणसाने वर्षानुवर्षं पैसे साठवले. 1547 मध्ये झगे आले, आणि त्यांच्यामागोमाग तसल्या प्रार्थना बंद करणारं सरकार आलं. मला ती नोंद वाचवेना. 1549 मध्ये नव्या प्रार्थनापुस्तकाविरुद्ध डेव्हनमध्ये बंड उठलं तेव्हा या गावाने पाच तरुणांना एक्सेटरजवळच्या बंडखोरांच्या तळावर पाठवलं, खर्च गावाच्या वहीत आहे. छापील प्रतीत त्या तळाच्या जागेचं नाव चुकीचं वाचलं गेलं, म्हणून ही गोष्ट किती तरी वर्षं कुणाच्या ध्यानात आली नाही. एका शब्दाचं वाचन इतकं महत्त्वाचं असतं.

शिकवणीतल्या उणिवाही सांगते. मूळ कागदात 'यू' आणि 'व्ही' अदलाबदलीने येतात, पण मी आजच्या पद्धतीने टाइप केलं की उत्तर चूक धरलं जायचं. दोनदा वैतागून महिना-महिना बंद केलं. लॅटिन ओळींना काहीच मदत नाही. मोबाइलवर छायाचित्र आणि रकाना एकत्र दिसत नाहीत, तेव्हा लॅपटॉप हवाच. ट्रेसिंग पेपर आणि पेन्सिल जवळ ठेवा. प्रत्येक नव्या कागदातून त्या लेखकाची अक्षरं गिरवून त्याची स्वतंत्र बाराखडी बनवा. धड्यातल्या तयार तक्त्यापेक्षा हीच मला उपयोगी पडली. डोळे मात्र खरंच दमतात, रात्री बसू नका.

इतिहासात एमए करणाऱ्यांनी आणि मोडी येणाऱ्यांनी हे अवश्य करावं. 1674 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर राज्याभिषेकाला हजर होता आणि त्याने ते लिहून ठेवलंय. आपण तो वृत्तान्त आजवर छापील इंग्रजीतून किंवा मराठी भाषांतरातूनच वाचत आलो. कंपनीच्या सुरत आणि मुंबईच्या पत्रांचं वळण सेक्रेटरी आणि इटॅलिक (इटलीतून आलेलं तिरकं वळण) यांची सरमिसळ आहे, त्यामुळे तिथे पुन्हा नवी बाराखडी काढावी लागणार. पुढच्या महिन्यात मी ती पत्रं हातात घेते आहे.