छोटी दुर्बीण की पूर्ण कोलोनोस्कोपी? खरा प्रश्न तुकड्यांचा

पाण्यासारखे जुलाब दोन-तीन महिने हटत नाहीत, रक्त नाही, स्टूल रिपोर्ट साफ, आणि आता डॉक्टर म्हणतात दुर्बिणीने बघून तपासणीसाठी आतड्याच्या अस्तराचे बारीक तुकडे (बायोप्सी) घेऊ. इथवर आलात की दोन वाटा समोर येतात: डाव्या बाजूपुरती छोटी दुर्बीण, म्हणजे सिग्मॉइडोस्कोपी, नाहीतर पूर्ण कोलोनोस्कोपी. मी चार महिन्यांच्या अंतराने दोन्ही करून घेतल्या.

माझं वय ६१, राहणं चोपडा तालुक्यात. रात्री तीन-चारदा उठावं लागायचं. जळगावला जायचं म्हटलं की तापीचा पूल ओलांडेपर्यंत जीव मुठीत असायचा. घरीदारी सगळा दोष शेवभाजीवर. ‘भो, तर्री सोड, सगळं बसेल,’ हे रोज ऐकायचो. तर्री सोडली, भरीत सोडलं, कळण्याची भाकरीसुद्धा सोडली. जुलाब तसेच.

आधी छोटी दुर्बीण केली, आणि तिच्याबद्दल वाईट बोलवत नाही. एक एनिमा, गुंगीचं इंजेक्शन नाही, खर्च कमी, दुपारी घरी येऊन वरणभात जेवलो. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असलेल्या, अंगात ताकद न उरलेल्या माणसाला डॉक्टर हीच सुचवतील आणि ते रास्तही असेल. मायक्रोस्कोपिक कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी सूज, हाच डॉक्टरांचा संशय होता; तो बहुतेकांच्या बाबतीत डाव्या बाजूच्या तुकड्यांतही सापडतो, असं मलाही सांगितलं होतं.

पूर्ण कोलोनोस्कोपीची आदली रात्र मात्र जड जाते. पावडरचं ते खारट-गुळचट पाणी ग्लासामागून ग्लास प्यायचं आणि शौचालयाचं दार धरून बसायचं. आमच्याकडे नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं, त्यात वैशाख. ज्यांच्या गावी हीच गत आहे त्यांनी तारीख घेताना नळाचा दिवस बघावा आणि ड्रम भरून ठेवावा.

एवढं असूनही माझा कौल पूर्ण कोलोनोस्कोपीकडे झुकला, त्याला कारण एक बाटली.

पहिल्या वेळी दुर्बिणीत आतडं स्वच्छ, गुलाबी दिसलं. या आजारात ते तसंच दिसतं. जे काही असतं ते सूक्ष्मदर्शकाखाली. डॉक्टरांनी गुदाशयातून तीन तुकडे घेतले, एका बाटलीत टाकले, चिठ्ठीवर माझं नाव आणि ‘मोठे आतडे’ एवढंच. बाटली मीच लॅबमध्ये नेऊन दिली. आठ दिवसांनी रिपोर्ट आला: नॉन-स्पेसिफिक कोलायटिस, क्लिनिकल कोरिलेशन आवश्यक; म्हणजे सूज आहे, पण कसली ते लक्षणांशी ताडून बघा. डॉक्टर म्हणाले, यावरून ठाम काही सांगता येत नाही. मी परत लॅबमध्ये गेलो. तिथल्या मॅडमनी शांतपणे विचारलं, ‘काका, तुकडे आतड्याच्या कुठल्या भागातले होते?’ मला सांगता येईना. लॅबकडे आलेल्या कागदावरही ते नव्हतं.

मग त्यांनीच समजावलं. निरोगी माणसाच्या आतड्यातही उजव्या बाजूच्या अस्तरात लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) डावीपेक्षा जास्त असतात. या आजाराचे दोन प्रकार. त्यातला लिम्फोसायटिक ठरवताना अस्तराच्या १०० पेशींमागे २० किंवा जास्त लिम्फोसाइट लागतात. मग तुकड्याची जागाच ठाऊक नसेल तर थोडी वाढलेली संख्या खरी मानायची की नाही? दुसरा प्रकार कोलॅजेनस. त्यात अस्तराखालची कोलॅजेन या प्रथिनाची पट्टी १० मायक्रॉनच्या वर जाड होते. पण ती सगळीकडे सारखी जाड नसते, उजव्या आणि आडव्या भागात बऱ्याचदा जास्त, गुदाशयात कधीकधी जवळजवळ नेहमीसारखी. तुकडा तिरका कापला गेला तर ती उगाच जाड दिसते ते वेगळंच.

त्या एका प्रश्नापायी माझे चार महिने गेले. राग कुणावर नाही, पण हळहळ अजून वाटते.

दुसऱ्या वेळी पूर्ण कोलोनोस्कोपी केली आणि गुंगीचं इंजेक्शन घेण्याआधीच विचारून घेतलं: आतडं चांगलं दिसलं तरी तुकडे घ्याल ना, आणि उजवीकडचे-डावीकडचे वेगळ्या बाटल्यांत ठेवाल ना? डॉक्टर चिडले नाहीत, उलट बरं झालं म्हणाले. तीन बाटल्या, प्रत्येकीवर जागा लिहिलेली. रिपोर्ट निघाला कोलॅजेनस कोलायटिस. उजव्या बाजूला पट्टी स्पष्ट जाड, डाव्या टोकाला जेमतेम. गुडघ्यांसाठी मी वर्षानुवर्षं घेत असलेल्या दुखण्याच्या गोळ्यांशी या आजाराचा संबंध असू शकतो, म्हणून डॉक्टरांनी त्या बदलल्या आणि ब्युडेसोनाइड हे आतड्याची सूज उतरवणारं स्टेरॉइड सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात मी रात्रभर सलग झोपलो.

पूर्ण तपासणीचा आणखी एक फायदा झाला. आपल्याकडे आतड्याचा टीबी बहुधा लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे बसतो. छोटी दुर्बीण तिथवर पोचत नाही. माझ्या डोक्यात ती भीती होतीच, ती त्याच दिवशी गेली.

तेव्हा प्रकृती साथ देत असेल, तर मी एकदाच त्रास सोसून पूर्ण तपासणी करून घेईन. तुमच्या डॉक्टरांचं मत वेगळं पडलं तर त्यांचंच ऐका, पण छोट्या दुर्बिणीतही तुकडे फक्त गुदाशयातून न घेता जितकं वर जाता येईल तिथूनही घ्यायला सांगा, आणि बाटलीवर जागा लिहायला लावा.

ज्यांची छोटी तपासणी आधीच होऊन माझ्यासारखाच मोघम रिपोर्ट हातात आहे, त्यांनी लगेच दुसऱ्या दुर्बिणीची तारीख घेऊ नये. लॅब तुकडे मेणात बसवून त्यांचे ठोकळे जपून ठेवते. त्यांवर कोलॅजेनसाठी मॅसन ट्रायक्रोम आणि लिम्फोसाइटसाठी सीडी ३ ही रंगतपासणी नंतरही करता येते. मी तो ठोकळा मागितला नाही, कारण तो मागता येतो हेच तेव्हा ठाऊक नव्हतं.