हिरकणीचा आवाज आला आणि मी चहा ठेवला

टफन्ड काच कापता येत नाही. सहाशे अंशांच्या वर तापवून ती झटक्यात गार केलेली असते. त्यानंतर तिला हिरकणी, म्हणजे काच कापायचं हत्यार, लावली, की कापली जायच्या ऐवजी तिचा साबुदाण्याएवढा चुरा होतो. हे मला आज माहीत आहे. एप्रिलमध्ये आमच्या अंगणात पोतं अंथरून दोन पोरं टर्रकन काच कापत बसली होती, तेव्हा माहीत नव्हतं. 'माप थोडं जास्त आलं, काकू' असं ती म्हणाली आणि उन्हात बसलीत बिचारी म्हणून मी आत जाऊन चहा ठेवला.

घर नागपूरच्या प्रतापनगरातलं, १९८९ चं. खिडक्या बल्लारशाच्या सागवानाच्या, सासऱ्यांनी हौसेने करून घेतलेल्या. पण पावसाळ्यात पल्ले फुगायचे, एकाला वाळवी लागली होती आणि धूळ तर विचारू नका. मुलगा पुण्याहून म्हणाला, यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, बसवून टाक, कटकट जाईल.

ज्याला बोलावलं तो बोलायला गोड. खिडकीचा कापलेला एक कोपरा त्याने माझ्या हातात दिला. आत मधाच्या पोळ्यासारखे कप्पे आणि मधल्या कप्प्यात चकचकीत लोखंडी चॅनल. मग टेबलावर काचेचा तुकडा ठेवून त्यावर हातोडी मारून दाखवली. फुटला नाही. 'हेच लागणार तुमच्याकडे.' मी भावावर घासाघीस केली, ८५० वरून ७५० रुपये चौरस फुटावर आणलं आणि स्वतःवरच खूश झाले. कोटेशन म्हणजे व्हॉट्सअॅपवर एक ओळ: यूपीव्हीसी स्लायडिंग, टफन्ड काच, जाळीसकट, सहा खिडक्या, १,०८,००० रुपये. प्रोफाइल (चौकटीची प्लास्टिकची पोकळ पट्टी) कुठल्या कंपनीचं, आतलं लोखंड किती जाडीचं, काच किती मिलिमीटर, काही नाही. मीही विचारलं नाही. 'पक्कं बिल पाहिजे तर १८ टक्के जीएसटी लागेल, काकू,' म्हणाला. मी नको म्हटलं. हा शहाणपणा माझा.

मापातही मार बसला. आमची खिडकी ५ फूट ७ इंच बाय ३ फूट ७ इंच, म्हणजे वीस चौरस फूट. त्याने धरली ६ बाय ४, चोवीस. एका खिडकीमागे चार फूट हवेचे, सहा खिडक्यांचे चोवीस, म्हणजे १८,००० रुपये. ज्या घासाघिशीवर मी खूश होते, तिच्यातून वाचले होते त्याहूनही कमी.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला आणि पश्चिमेच्या खोलीतला पल्ला मधोमध धनुष्यासारखा वाकला. कडी खाचेत बसेना. फोन केला तर म्हणे, 'उन्हाळ्यात होऊन राहते असं, पाऊस पडला की सरळ होईल.' बहिणीचा मुलगा अॅल्युमिनियम सेक्शनच्या दुकानात काम करतो. तो जुन्या स्पीकरमधलं दणकट चुंबक घेऊन आला (फ्रिजवरचं चालत नाही, लोखंड कप्प्याच्या आत असतं), सगळ्या चौकटींवरून फिरवलं. कुठेच ओढ नाही. पल्ला काढून एका हाताने उचलला आणि म्हणाला, 'मावशी, यात लोखंडच नाही नं.' प्लास्टिक उन्हाने लांबतं, मऊ पडतं. त्याला ताठ धरतं ते आतलं लोखंड. मग त्याने काचेचे चारही कोपरे पाहिले. टफन्ड काचेच्या कोपऱ्यात न पुसला जाणारा शिक्का असतो, कंपनीचं नाव आणि आयएस २५५३. आमच्या एकाही काचेवर नाही. 'कापली कुठे होती?' त्याने विचारलं. मी अंगणाकडे बोट दाखवलं. तो काही बोलला नाही, नुसता हसला.

पहिल्या पावसात उरलेलं कळलं. खालच्या ट्रॅकमध्ये साचलेलं पाणी बाहेर जायला बाहेरच्या अंगाला भोकं लागतात. आमच्या पाच खिडक्यांना ती नव्हतीच. सहावीला होती, पण घराच्या आत. चौकटच उलटी बसवलेली. पाणी थेट दिवाणावर. कोपऱ्यातलं सिलिकॉन नखाने ओढलं तर दोरीसारखं निघून आलं आणि मागून निघाला ओल्या वर्तमानपत्राचा बोळा. भिंत आणि चौकट यांच्यातल्या बोटभर फटीत फोमऐवजी पेपर कोंबून वरून पुट्टी मारली होती.

पैसे मात्र यूपीआयने दिले होते, कोटेशनची ती ओळही फोनमध्ये होती, तेवढं बरं झालं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर पंधरा दिवसांनी माणूस आला, दोन पल्ले बदलून दिले, ट्रॅकला भोकं पाडली. काचा तशाच आहेत. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरवलंय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. आता कोणी खिडक्या करणार असेल तर मी एवढंच सांगते, की बसवायच्या आधी पल्ल्यावरून दणकट चुंबक फिरवा, काचेवरचा शिक्का वाचा आणि बाकीचे पैसे एक पाऊस पडेपर्यंत हातात ठेवा. मी बसवल्या त्या संध्याकाळीच सगळे देऊन मोकळी झाले.

सगळ्यात जास्त सलते ती गोष्ट या हिशेबात नाहीच. 'जुन्या खिडक्या काढायचे, मलबा उचलायचे पैसे घेणार नाही,' असं तो म्हणाला तेव्हा मला तो भला माणूस वाटला होता. नव्या खिडक्या त्याने छोट्या हत्तीतून एकीवर एक आदळत आणल्या. जुन्या नेताना मात्र प्रत्येक चौकटीच्या मध्ये पोतं घातलं, दोरीने आवळलं, वरून ताडपत्री. मी दारातून पाहत होते. किती निगुतीने काम करतात, असंही वाटलं. बल्लारपूरचं, म्हणजे बल्लारशाचंच, सागवान २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी वाजतगाजत गेलं, ते आम्ही टीव्हीवर कौतुकाने पाहिलं होतं. आमचं असं गेलं. सुतार नंतर म्हणाला, जुनं मुरलेलं लाकूड, घनफुटावर विकलं असतं तर तुमच्या दोन खिडक्या त्यातच निघाल्या असत्या.

वाळवी लागलेला तेवढा एक पल्ला त्याने नेला नाही. नवी खिडकी अर्धीच उघडते आणि कूलरच्या बाजूला वीतभर फट राहते. सध्या तिथे तोच पल्ला उभा केलाय.