तीन मेमरी कार्डे आणि त्यांवरचे आकडे

सॅनडिस्कचे एक्स्ट्रीम प्रो, लेक्सारचे प्रोफेशनल १६६७एक्स आणि सोनीचे एसएफ-एम टफ ही तीन एसडी कार्डे मी लग्नसमारंभांच्या फोटो आणि व्हिडिओच्या कामासाठी नियमित वापरतो. तिन्ही चांगली आहेत, पण प्रत्येक कॅमेऱ्यासाठी तिन्ही सारखीच योग्य नाहीत. दुकानात ती शेजारी-शेजारी टांगलेली असतात आणि घेणारा बहुधा वेष्टनावरचा सर्वांत मोठा आकडा पाहून पैसे मोजतो. हा आकडा जवळजवळ नेहमीच कार्डातून माहिती वाचण्याचा कमाल वेग असतो. कॅमेऱ्याचे काम मात्र लिहिण्याचे आहे, आणि लिहिण्याचा वेग वेष्टनाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत दिलेला असतो किंवा तिथेही नसतो. कार्ड निवडताना हा लहान आकडा आणि आपल्या कॅमेऱ्याचा स्लॉट या दोनच गोष्टी आधी पाहाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

एक्स्ट्रीम प्रोवर २०० हा आकडा ठळक छापलेला आहे. तो वाचनाचा वेग, म्हणजे सेकंदाला २०० एमबी. १२८ जीबीच्या कार्डाचा लिहिण्याचा कमाल वेग ९० आहे, तर २५६ जीबी आणि त्यावरील कार्डांचा १४०. म्हणजे नाव आणि वेष्टन एकच असले तरी क्षमतेनुसार वेग बदलतो. लेक्सारचे १६६७एक्स हे नावही वाचनाच्याच वेगावरून पडले आहे. जुन्या सीडीच्या मापानुसार एक एक्स म्हणजे सेकंदाला १५० केबी, त्यामुळे १६६७एक्स म्हणजे सेकंदाला २५० एमबी. या कार्डाचा लिहिण्याचा कमाल वेग १२० आहे. सोनीच्या एसएफ-एम टफचे आकडे वाचनासाठी २७७ आणि लिहिण्यासाठी १५० आहेत. हे सगळे ‘इतक्यापर्यंत’ जाणारे कमाल आकडे आहेत. किमान वेगाची हमी देतात ती कार्डावरची व्ही३०, व्ही६० आणि व्ही९० ही चिन्हे. व्ही६० लिहिलेले कार्ड व्हिडिओ लिहिताना सेकंदाला ६० एमबीच्या खाली उतरणार नाही, एवढा या चिन्हाचा सरळ अर्थ आहे. एक्स्ट्रीम प्रो व्ही३० आहे आणि बाकीची दोन्ही व्ही६० आहेत.

आता स्लॉटविषयी. एसडी कार्ड उलटे करून पाहिले तर काहींवर सोनेरी पट्ट्यांची एकच ओळ दिसते आणि काहींवर तिच्याखाली आणखी एक ओळ असते. एक ओळ म्हणजे यूएचएस-१, आणि तिची मर्यादा सेकंदाला १०४ एमबी आहे. दोन ओळी म्हणजे यूएचएस-२, आणि तिची मर्यादा ३१२ आहे. दोन ओळींचे कार्ड एका ओळीच्या स्लॉटमध्ये चालते, पण तिथे ते एका ओळीच्याच वेगाने चालते. सोनी झेडव्ही-ई१०, सोनी ए६४०० आणि कॅनन आर५० यांचे स्लॉट यूएचएस-१ आहेत. या कॅमेऱ्यांत लेक्सार १६६७एक्स किंवा सोनी टफ ही दोन ओळींची कार्डे घालून वेगात काडीचाही फायदा होत नाही. नव्याने काम सुरू करणाऱ्या मुलांना दुकानदार ‘पुढेमागे उपयोगी पडेल’ म्हणून महागडी कार्डे गळ्यात मारतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्याच पैशांत एक्स्ट्रीम प्रोची दोन कार्डे आली असती, आणि त्या कॅमेऱ्याला दुसऱ्या कार्डाचाच उपयोग अधिक झाला असता.

एक्स्ट्रीम प्रोबाबत आणखी एक बारकावा सांगणे आवश्यक आहे. यूएचएस-१ची मर्यादा १०४ असताना हे कार्ड २०० आणि १४० कसे गाठते, असा प्रश्न पडायला हवा. याचे उत्तर असे की, कंपनीने मूळ मानकाबाहेरची स्वतःची पद्धत वापरली आहे आणि ती ओळखणाऱ्या कार्ड रीडरमध्येच हे वेग मिळतात. कॅमेऱ्याचा स्लॉट ती पद्धत ओळखत नसेल, तर १०४ची भिंत कायम राहते. त्यामुळे केवळ १४० हा आकडा पाहून २५६ जीबीचे कार्ड घेण्यात अर्थ नाही. जागा हवी असेल तर ते अवश्य घ्यावे. यूएचएस-१ कॅमेऱ्यासाठी १२८ जीबीचे साधे एक्स्ट्रीम प्रो पुरेसे आहे, कारण त्याचा ९०चा वेग त्या स्लॉटच्या मर्यादेच्या जवळच जातो.

यूएचएस-२ स्लॉट असलेल्या कॅमेऱ्यात मात्र कार्डांमधला फरक डोळ्यांना दिसतो, आणि तो नेमका नको त्या क्षणी दिसतो. शेवटचे ‘शुभमंगल सावधान’ होते, अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, वधूवर एकमेकांना हार घालतात. आपण शटरवरचे बोट उचलत नाही. कॅमेरा हे सगळे फोटो आधी आपल्या बफरमध्ये, म्हणजे आतल्या तात्पुरत्या मेमरीत, घेतो आणि मग कार्डावर उतरवत जातो. २४ मेगापिक्सेलचा एक रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला) फोटो सुमारे २५ एमबीचा धरला, तर ५० फोटो म्हणजे १२५० एमबी होतात. सेकंदाला ८० एमबीने ते उतरायला सुमारे १६ सेकंद लागतात, आणि १५०ने ८ सेकंद. या काळात कार्डाचा लाल दिवा पेटलेला असतो, व्ह्यूफाइंडरमधला शिल्लक फोटोंचा आकडा एकेकाने वर सरकत असतो, आणि समोर वधूची आई डोळे पुसत असते. तो फोटो पुन्हा मागता येत नाही. फोटोच्या कामात मी सोनी टफला लेक्सारपेक्षा वरचे स्थान देतो ते एवढ्याचसाठी: दोन्ही व्ही६० असली तरी १२० आणि १५० यांतला फरक बफर रिकामा होताना जाणवतो.

व्हिडिओचा हिशेब वेगळा आहे. कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये व्हिडिओचा वेग मेगाबिटमध्ये दिलेला असतो आणि कार्डावर मेगाबाइटमध्ये, म्हणून मेनूतल्या आकड्याला आठने भागावे लागते. १०० मेगाबिटचा फोर-के व्हिडिओ सेकंदाला १२.५ एमबी लिहितो आणि तासाला ४५ जीबी जागा घेतो. २०० मेगाबिटचा व्हिडिओ सेकंदाला २५ एमबी लिहितो. त्यालाही व्ही३० पुरते. म्हणजे आपल्याकडच्या लग्नांचे आणि मुलाखतींचे बहुतेक चित्रीकरण व्ही३०च्या एक्स्ट्रीम प्रोवर निर्धास्तपणे होऊ शकते. सेकंदाला ६० फ्रेमच्या फोर-के व्हिडिओसाठी सोनीच्या काही कॅमेऱ्यांत मिळणारा ६०० मेगाबिटचा ऑल-इंट्रा (प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साठवणारा) पर्याय निवडला, तर मात्र सेकंदाला ७५ एमबी सतत लिहावे लागतात. तिथे व्ही६०सुद्धा अपुरे पडते आणि सोनीच्याच एसएफ-जी टफसारखे व्ही९० कार्ड लागते. त्याचा लिहिण्याचा कमाल वेग २९९ आहे, आणि किंमत व्ही३० कार्डाच्या कित्येक पट असते. जाहिराती किंवा सिनेमाचे काम करणाऱ्यांनी तो खर्च जरूर करावा. ज्यांच्या कॅमेऱ्यात सीएफएक्सप्रेस या एसडीहून वेगवान, वेगळ्या प्रकारच्या कार्डांची सोय आहे, त्यांनी मात्र व्ही९०वर पैसे घालण्यापूर्वी त्या कार्डांच्या किमतीही विचाराव्यात.

दोन स्लॉटच्या कॅमेऱ्यांत एक गोष्ट हमखास निसटते. आपल्याकडे लग्नाच्या कामात भरपूर वापरल्या गेलेल्या सोनी ए७ मार्क ३ या कॅमेऱ्याचा पहिला स्लॉट यूएचएस-२ आहे, पण दुसरा यूएचएस-१ आहे. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो लिहायला लावले की वेग ठरवते ते हळू कार्ड, किंवा हळू स्लॉट. पहिल्यात कितीही वेगवान कार्ड घातले तरी दुसऱ्याचे लिहून होईपर्यंत बफर रिकामा होत नाही. अशा कॅमेऱ्यात मी दोन्हीकडे एक्स्ट्रीम प्रोच वापरतो आणि वेग कमी मिळतो हे मान्य करतो. दोन कार्डांवर लिहिणे बंद करून वेग वाढवण्याचा सल्ला काहीजण देतात. दुसऱ्याच्या लग्नाचे काम अंगावर घेतलेल्या माणसाने तो ऐकू नये.

कार्डाच्या बांधणीकडे लोक फारसे पाहत नाहीत, पण माझ्या अनुभवात कार्ड निकामी होण्याचे कारण बहुतेकदा आतल्या चिपपेक्षा बाहेरच्या प्लास्टिकमध्ये असते. नेहमीचे एसडी कार्ड हे प्लास्टिकच्या दोन पातळ पापुद्र्यांना चिकटवून केलेले असते. वारंवार काढघाल केली की कडेचा सांधा उकलू लागतो, सोनेरी पट्ट्यांमधल्या बारीक आडभिंती मोडतात, आणि बाजूचा लॉकचा छोटा खटका सैल होतो. हा खटका गळून पडला तर कॅमेरा कार्ड लॉक आहे असे समजतो आणि लिहायचे नाकारतो. अशा वेळी त्या खाचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावून प्रसंग निभावता येतो, पण ते कार्ड पुन्हा कामावर नेऊ नये. सोनीने टफ मालिकेत हे सगळे दुबळे भाग काढून टाकले आहेत. कार्ड एकसंध साच्यात ओतलेले आहे, पट्ट्यांमध्ये भिंती नाहीत आणि लॉकचा खटकाही नाही. हातात घेतले की ते इतर कार्डांपेक्षा घट्ट लागते आणि बोटांनी दाबून वाकत नाही. पाणी आणि धूळ यांच्यासाठी त्याला आयपी६८ दर्जा आहे. भिगवणला उजनीच्या पाण्यात होडीतून रोहित पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना, किंवा कोकणात पावसाळ्यात काम करणाऱ्यांना, याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. खटका नसल्याचा एक तोटाही आहे: भरलेले कार्ड लॉक करून बाजूला ठेवता येत नाही, त्यामुळे भरलेल्या आणि रिकाम्या कार्डांसाठी वेगळ्या डब्या लागतात.

लेक्सारचे कार्ड या बाबतीत साधे आहे, पण ते मला आवडते ते कामानंतरच्या वेळेसाठी. रात्री उशिरा घरी आल्यावर १२८ जीबीचे भरलेले कार्ड सेकंदाला २५० एमबीने वाचले तर सुमारे साडेआठ मिनिटांत रिकामे होते. ९०च्या वेगाने त्यालाच चोवीस मिनिटे लागतात. अर्थात त्यासाठी रीडर यूएचएस-२चा हवा आणि तो संगणकाच्या वेगवान यूएसबी पोर्टला जोडलेला हवा. जुन्या यूएसबी २ पोर्टवर सेकंदाला ४० एमबीच्या आसपास वेग मिळतो आणि कोणतेही कार्ड घेतले तरी पाऊण तासाहून अधिक वेळ जातो. व्हिडिओसाठी यूएचएस-२ कार्ड घेणाऱ्यांनी म्हणूनच लेक्सार आणि सोनी यांतले जे स्वस्त मिळेल ते घ्यावे, कारण ६०ची हमी दोघांचीही सारखीच आहे. उरलेल्या पैशांत चांगला रीडर घ्यावा.

या तिन्ही कार्डांची जी काही स्तुती मी केली ती खऱ्या कार्डांना लागू आहे. बनावट कार्डांचा सुळसुळाट आहे, आणि एक्स्ट्रीम प्रोसारख्या लोकप्रिय कार्डांच्या नकला तर इतक्या हुबेहूब असतात की वेष्टनावरून ओळखणे कठीण होते. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून माझ्याकडे आलेल्या कार्डावर १२८ जीबी लिहिले होते, संगणकही तेवढीच क्षमता दाखवत होता, आणि प्रत्यक्षात त्याच्या एक चतुर्थांश जागेनंतर लिहिलेले काहीही परत वाचता येत नव्हते. अशा कार्डाच्या कंट्रोलरला, म्हणजे त्याचा कारभार पाहणाऱ्या चिपला, खोटी क्षमता सांगायला शिकवलेले असते. कॅमेरा निमूटपणे लिहीत राहतो आणि फोटो कुठेच साठत नाहीत. खऱ्या १२८ जीबीच्या कार्डावर विंडोजमध्ये सुमारे ११९ जीबी दिसतात, हे मात्र दोन मोजमाप-पद्धतींमधल्या फरकामुळे, त्यात फसवणूक नसते.

यावर उपाय एकच आहे, आणि तो फुकट आहे. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि मॅक किंवा लिनक्सवर एफ३ हे प्रोग्रॅम कार्ड काठोकाठ भरतात आणि लिहिलेले सगळे परत वाचून पडताळतात. यूएचएस-१च्या रीडरवर १२८ जीबीच्या कार्डाला यासाठी पाऊण तास ते तासभर लागतो. पुण्यात बुधवार पेठेतून, मुंबईत फोर्टमधल्या दुकानातून किंवा थेट कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, कार्ड कुठूनही आणले तरी या चाचणीशिवाय ते माझ्या कॅमेऱ्यात जात नाही. बिल जपून ठेवावे आणि चाचणी परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीच करावी. वॉरंटीत कार्ड बदलून मिळते, त्यातले फोटो मिळत नाहीत.

चाचणीत उत्तीर्ण झालेले कार्ड मी कॅमेऱ्यातच फॉरमॅट करतो, संगणकावर नाही, आणि लाल दिवा विझल्याशिवाय स्लॉटचे झाकण उघडत नाही. कधी कार्ड वाचले गेले नाही किंवा चुकून फॉरमॅट झाले, तर त्यावर पुढे एकही फोटो काढू नये, कार्ड लगेच बाहेर काढावे आणि फोटोरेक या मोफत प्रोग्रॅमने प्रयत्न करावा. वर दुसरे काही लिहिले गेले नसेल तर बरेच फोटो परत मिळण्याची शक्यता असते. परत मिळालेल्या फाइल नेहमी दुसऱ्या डिस्कवर उतरवाव्यात, त्याच कार्डावर नव्हे.