दारू आणि कानात आवाज: केंद्र की मानसोपचार विभाग?

केजच्या एका ताईंचा प्रश्न: भाऊ पितो, कानात आवाज येतात म्हणतो. खासगी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवू, की अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात दाखवू?

खर्चात सरकारी स्वस्त, पण रांग, खेपा आणि सोबतीला माणूस लागतो. सुगीत ते फार जड जातं.

खरा धोका दारू अचानक तोडल्यावर. पहिल्या २-३ दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जीवही जातो. तिथे डॉक्टर हवाच. आवाज दारूमुळे की वेगळ्या आजारामुळे, हे मानसोपचारतज्ज्ञच ठरवतील. नुसत्या समुपदेशनाने ते थांबणार नाहीत.

म्हणून ताई, आधी अंबाजोगाई. ज्यांचा मानसिक आजार औषधांनी आटोक्यात आहे, पण गावातली संगत सुटत नाही, अशांना नोंदणीकृत केंद्र बरं. मानसोपचारतज्ज्ञ तिथे नियमित येतात का, एवढं आधी विचाराच. फोनवर सल्ला हवा तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.