घरासमोरचं काँक्रीट: अठरा महिने, दोन पावसाळे आणि तिसरा चौकोन

चवथीच्या आदल्या संध्याकाळी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळं-पानांचं, सामान घेऊन येताना काकी आमच्या दारात घसरून पडली. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ती पडली ती जागा मला जुलैपासून खुपत होती: गेटकडून मोजलं तर तिसरा चौकोन, डावीकडे, तुळशीच्या समोर. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी तिथं अर्धा इंच पाणी राहतं आणि पाण्याखाली हिरवं शेवाळ धरतं. परातीपेक्षा थोडं मोठं डबकं. उरलेल्या काँक्रीटबद्दल माझी जवळपास तक्रार नाही. पण हे लिहितोय ते त्या डबक्यामुळे.

आमचं घर गोव्यात, डिचोली तालुक्यात, रस्त्यापेक्षा खाली. गेटपासून पोर्चपर्यंत चाळीस फूट लांब, दहा फूट रुंद वाट. पूर्वी तांबडी माती आणि वर जांभ्याच्या चिऱ्यांचे तुकडे होते. पावसाळ्यात गाडीची चाकं रुतायची आणि रस्त्यावरचं सगळं पाणी चिखल घेऊन पोर्चच्या पायरीला लागायचं. गेल्या वर्षी मार्चमध्ये काँक्रीट करून घेतलं. जाडी चार इंच, एम २० (काँक्रीटची घरगुती कामाला चालणारी प्रत), सळई नाही. चारचाकी एकच आणि ट्रक आत येत नाही, म्हणून सळईचा खर्च टाळला. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

मालाचं आधी सांगतो, कारण तिथं मी डोळ्यांत तेल घालून उभा होतो. चारशे चौरस फूट गुणिले चार इंच म्हणजे पावणेचार घनमीटर. एम २० ला घनमीटरमागे साधारण आठ गोण्या सिमेंट लागतं, म्हणजे तीस. रिकाम्या गोण्या मी स्वतः मोजल्या, एकोणतीस भरल्या. माझ्या मते कामात चोरी नाही. गोव्यात नदीच्या रेतीची अडचण होती, त्यामुळे क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली रेतीच वापरली. तिचे कण टोकदार असतात, माल कोरडा आणि जड वाटतो, आणि मिक्सरवरचा माणूस सारखा पाइप सोडायला बघतो. गोणीला पंचवीस लिटरच्या वर पाणी जाऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि बादलीनं मोजून घालायला लावलं. यावरून सकाळीच वाजलं. काँट्रॅक्टर म्हणाला, माणसं वैतागतील. वैतागू देत. जास्त पाण्याचं काँक्रीट पसरायला सोपं जातं, पण वरचा थर कच्चा राहतो आणि वर्षभरात झाडूबरोबर पांढरी पूड निघायला लागते. आमच्याकडे अजून पूड निघालेली नाही.

दर दहा फुटांवर आडवा काप हाही माझाच हट्ट. त्याच्या अंदाजपत्रकात तो नव्हता. काँक्रीट सुकताना आकसतं आणि कुठं तरी तडकणारच, मग निदान आपण सांगू तिथं तडकावं. दुसऱ्या दिवशी सकाळी कटर आणून इंचभर खोल, म्हणजे जाडीच्या चौथाई, काप मारले. वाट चार चौकोनांत विभागली गेली. भेगा आल्या त्या कापांच्या आतच आल्या आहेत, खाली वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. एक मात्र चुकली: दुसऱ्या चौकोनात पाण्याचा चेंबर आहे, त्याच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली. चेंबरच्या कोपऱ्याला लागून काप घ्यायला हवा होता. ते तेव्हा मलाही सुचलं नाही.

पाणी मारायचं काम बाबांनी केलं. मार्चचं ऊन, त्यात सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं आणि सावकाश घट्ट होणारं, त्यामुळे सात दिवसांवर न थांबता दहा दिवस. मातीची आळी करून पाणी साठवलं, कडांना ओली गोणपाटं. विहिरीचं पाणी होतं म्हणून परवडलं.

आता गटार. ज्यावर मी सगळ्यात जास्त घासाघीस केली आणि जे आज सगळ्यात उपयोगी पडतंय ते हेच. मूळ अंदाज बासष्ट हजारांचा. त्यात पोर्चसमोरचं दहा फुटी आडवं गटार, त्यावरची लोखंडी जाळी आणि उजव्या कडेनं चाळीस फूट उघडं गटार धरलं की आणखी सव्वीस हजार. मला ते लुबाडणं वाटलं. मी म्हटलं, ढाळ नीट द्या, पाणी आपोआप जाईल. त्यावर तो काँट्रॅक्टर एक वाक्य बोलला आणि ते पटलं: “बाब, ढाळ पाण्याक वाट दाखयता, पूण वचपाक सुवात जाय न्ही?” म्हणजे ढाळ पाण्याला वाट दाखवतो, पण जायला जागा नको का?

रात्री बसून आकडा काढला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वाट सदतीस चौरस मीटर आणि छपराचा या बाजूचा भाग साधारण साठ. जुलैत तासाला पन्नास मिलिमीटरची सर आली, आणि आपल्याकडे ती येतेच, तर तासाला जवळपास पाच हजार लिटर पाणी माझ्या पायरीशी येणार. पाण्याची हजार लिटरची टाकी पाच वेळा ओतल्यासारखं. रस्त्यावरून येतं ते वेगळं. सकाळी होकार दिला.

गटाराच्या भिंती चिऱ्याच्या, आतून गिलावा, तळाला कोबा. चाळीस फुटांत पाच इंच उतार. शेवटी शोषखड्डा आणि तो भरला की उरलेलं पाणी मागच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात. जूनमध्ये शोषखड्डा सगळं पाणी पितो, चिऱ्याची जमीनच तशी. जुलैत विहीर वर येते, जमीन भरते आणि खड्डा काही घेत नाही, तेव्हा व्हाळाकडची वाट नसती तर पाणी परत घराकडे आलं असतं. शोषखड्ड्यावर विसंबून राहू नका. आपल्या पावसाला तो पुरत नाही. जाळी मात्र उचलता येईल अशीच घ्या. माडाचा कचरा आणि आंब्याची पानं अडकतात, आठवड्यातून एकदा काढावीच लागतात.

दोन पावसाळ्यांत एकदाही पायरीला पाणी लागलेलं नाही. पंधरा वर्षांत पहिल्यांदा आईनं जूनमध्ये पोर्चात पोती लावली नाहीत.

तुळशीपुढचं डबकं मात्र या पावसाळ्यात आलं. मी काँट्रॅक्टरला फोटो पाठवले. दहा दिवस उत्तर नाही. मग म्हणाला, “इतलें उदक उरतलेंच.” एवढं पाणी राहणारच. मी म्हटलं, दहा फुटांना अडीच इंच ढाळ ठरला होता. तो म्हणाला, कागदावर कुठं आहे? आणि कागदावर नव्हताच. कागदावर “चार इंची काँक्रीट, फिनिशिंगसहित” एवढंच. मी रागावलो, दोनदा फोन आदळला. मग त्यानं तडजोड काढली: वरून सिमेंटचा हात मारून डबकं भरून देतो. यालाही मी नाही म्हटलं. जुन्या, घोटलेल्या काँक्रीटवर पाव-अर्ध्या इंचाचा थर धरत नाही. दोन उन्हाळ्यांत पापुद्रा सुटून येतो आणि तोवर काँट्रॅक्टरचा नंबर बदललेला असतो. माझ्या मेहुण्याच्या दारात हेच झालंय.

इथवर मी हा अनुभव वेगळ्या शब्दांत लिहून ठेवला होता. “ढाळ चुकवला, पैसे घेऊन पळाला” अशी सुरुवात होती. मग परवा भाच्यानं गेल्या वर्षीच्या जूनमधला, पहिल्या मोठ्या पावसाचा व्हिडिओ दाखवला. पोरं वाटेवर कागदाच्या होड्या सोडताहेत आणि तिसऱ्या चौकोनावरून पाणी सरळ, पातळ चादरीसारखं उजवीकडच्या गटारात उतरतंय. होडी तुळशीसमोर थांबत नाही. म्हणजे ढाळ तेव्हा बरोबर होता.

शेजारी एक दादा आहेत, आयुष्यभर रस्त्यांच्या कामांवर राहिलेले. ते पारदर्शक नळीत पाणी भरून आले आणि अर्ध्या तासात पातळी मापली. पहिला, दुसरा आणि चौथा चौकोन: अडीच इंच, अडीच, सव्वादोन. तिसऱ्यात डबक्यापाशी पाऊण इंच खाली. त्या चौकोनात केसासारखी एक भेग तिरकी जाते आणि कापावर बोट फिरवलं तर एक कड वर लागते. दादांनी एकच विचारलं, “याच्या खालून काय गेलंय?”

नळाची पाइप गेली आहे. काँक्रीटच्या आठ दिवस आधी मी ती वेगळ्या प्लंबरकडून घालून घेतली, कारण काँट्रॅक्टर त्याचे साडेचार हजार जास्त मागत होता. दोन फूट खोल चर, तिसऱ्या चौकोनाखालून तिरका. चर बुजवताना मी घरी नव्हतो. दोन मजुरांनी निघालेली तांबडी माती एकदम लोटली आणि वरून पायानं दाबली. सहा-सहा इंचांचे थर घालून, पाणी मारून, प्रत्येक थरावर धुमस चालवली असती तर माती बसली असती. पहिल्या पावसाळ्याचं पाणी आत मुरलं, माती उन्हाळ्याभर खाली बसत गेली आणि वरचा चौकोन गाडीच्या वजनानं तिच्या मागे गेला. साडेचार हजार वाचवले त्या जागी आज काकीच्या हाताला प्लास्टर आहे. हे मला फार लागलंय.

म्हणून त्या माणसावरचा अर्धा आरोप मी मागे घेतो. पण अर्धाच. सोलिंग (काँक्रीटखालचा दगडांचा थर) करण्यापूर्वी ताजा चर त्याला दिसत होता. अनुभवी माणसानं तिथं काम थांबवून “हे आधी ठोकून घ्या” म्हणायला हवं होतं. दहा मिनिटांचं बोलणं होतं. आणि पोर्चकडचे दोन चौकोन घोटून गुळगुळीत केले, तेही आईनं तुळशीपुढे रांगोळीला सपाट जागा मागितली म्हणून. त्यानं मान डोलावली. गेटकडच्या दोन चौकोनांवर त्यानं ओल्या काँक्रीटवर झाडू ओढून खरबरीत केलंय, तिथं भर पावसात चप्पल घट्ट बसते. गुळगुळीत काँक्रीट आणि साचलेलं पाणी एकत्र आलं म्हणून शेवाळ धरलं. उघड्यावर घोटाई करू नका, घरातल्या कोणी कितीही सांगितलं तरी.

पेव्हर ब्लॉकबद्दल माझं मत पूर्ण बदललं. गेटबाहेर लागून सहा फुटांची पट्टी आम्ही ब्लॉकची ठेवली होती, साठ मिलिमीटर जाडीचे, खाली रेती. कारण फक्त पैसे. पहिल्या पावसाळ्यात सांध्यांत गवत उगवलं तेव्हा ही पट्टीसुद्धा काँक्रीटची करायला हवी होती असं मी चार जणांना सांगितलं. यंदा मे महिन्यात समोरच्या रस्त्यावर हॉटमिक्स डांबराचा नवा थर पडला आणि रस्ता दीड-दोन इंच वर आला. आपल्याकडे हे होतच राहतं, दर वेळी रस्ता चढतो आणि घरं खाली जातात. काँक्रीट असतं तर गेटसमोर फोडाफोड करावी लागली असती. दोन माणसांनी एका दिवसात ब्लॉक उचलले, खाली भर घालून ठोकली, तेच ब्लॉक नव्या पातळीला बसवले. एकही विकत आणावा लागला नाही. नळाची पाइप या पट्टीखालून घेऊन कडेनं नेली असती तर हे पुराण लिहायची वेळच आली नसती.

एक आनंदाची गोष्ट राहिली. एप्रिल-मे महिन्यात हे काँक्रीट पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, अंगण होतं. मिरची, सुकं खोबरं, आमसुलं, सगळं तिथं वाळतं आणि दोन दिवस लवकर वाळतं, कारण रात्रीपर्यंत काँक्रीट गरम राहतं. आई पूर्वी शेणानं सारवून घ्यायची, ते श्रम गेले. दुपारी अनवाणी पाय ठेवता येत नाही ही तिची तक्रार खरी आहे. आमसुलांखाली जाड ताडपत्री घाला. भिंडांचा (कोकमांचा) आंबट रस जिथं गळला तिथं सिमेंट खाल्लं गेलंय, डाग तर आहेतच, पण हाताला रेतीही लागते.

गेल्या रविवारी काँट्रॅक्टर स्वतः आला. व्हिडिओ दाखवला, नळी लावून दाखवली. चर कोणी बुजवला तेही मी लपवलं नाही. तोही थोडा नरमला. ठरलं ते असं: तिसरा चौकोन कापापासून कापापर्यंत पूर्ण काढायचा. काप मारलेले असल्यामुळे शेजारच्या चौकोनांना धक्का लागणार नाही, आणि सगळं मिळून साडेसात-आठ गोण्यांचंच काम आहे. माल माझा, मजुरी त्याची. तुळशीचं लग्न झालं की दुसऱ्या दिवशी फोडायचं, म्हणजे जमीनही सुकलेली असेल. तोवर दर शनिवारी मी ब्लीचिंग पावडर टाकून तारेच्या ब्रशनं शेवाळ घासतोय आणि डबक्याभोवती लाल रंगाचा पट्टा मारलाय.

या वेळचा कागद मी स्वतः लिहिला आणि त्यानं सही केली. चराची माती पूर्ण काढून खडी-मातीची भर सहा-सहा इंचांच्या थरांनी, प्रत्येक थर माझ्यासमोर ठोकायचा. पाइप उघडी पडेल तेव्हा ती जाड बाहेरच्या पाइपात घालायची. ढाळ दहा फुटांना अडीच इंच, ओतण्याआधी फळ्यांवर आणि ओतल्यावर काँक्रीटवर, दोन्ही वेळा नळीनं मापून. फिनिश झाडूचं. आईला सांगितलंय, रांगोळी पुढच्या वर्षीपासून पाटावर. काकीचं प्लास्टर महिन्याभरात निघेल असं डॉक्टर म्हणालेत.